पाच स्टेशनांचे सहा नारळ

तिला जाऊन आता दीड महिना होईल. मुलगी म्हणते, "बाबा, आईबद्दल काही लिहून ठेवा, म्हणजे मन रमेल." म्हणून मी वही घेऊन बसलो. पहिल्या दिवशी लिहिलं, "ती अत्यंत शांत स्वभावाची होती." दुसऱ्या दिवशी ते खोडलं. ते वाचून ती स्वतःच पहिली हसली असती. मला एक पान लिहायला दोन दिवस लागतात, त्यातला दीड दिवस खोडण्यात जातो. तिचे गुण आठवायला बसावं, तर मला नारळ आठवतात.

आमचं लग्न त्या काळच्या रीतीप्रमाणे आम्हा दोघांना काही कळायच्या आधीच लागलं होतं. ती अकोल्याला माहेरी वाढली, मी अमरावतीला. पुढे मी मराठी शाळेत शिक्षक झालो आणि ती मोठी होऊन पहिल्यांदा नांदायला यायची ठरली, त्या हिवाळ्यात आगगाडी नुकतीच बडनेऱ्यापर्यंत आली होती. अमरावतीला गाडी आलीच नाही. तीन कोसांवरून निघून गेली, आणि अमरावतीच्या लोकांनी ते मनाला लावून घेतलं. कापसाचे दिवस होते. समुद्रापलीकडच्या लढाईनं चढलेले भाव लढाई संपल्यावर उतरले होते, पण लोकांची ऐट अजून उतरली नव्हती. आमचा मळा फुलांचा आणि भाजीचा. वडिलांनीही दोन वर्षं झेंडूच्या वाफ्यांत कपाशी लावून पाहिली होती. देवळातला पुजारी हार मागायला यायचा तेव्हा आत्या त्याच्या ओंजळीत बोंडं ठेवायची.

ही आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. आई लहानपणीच गेल्यामुळे घर तिच्या हातात होतं. सुनेला आणायला अकोल्याला मी आणि आत्या जाणार, हे तिनंच ठरवलं, आणि दिवसही तिनंच भटजींकडून काढून आणला. मार्गशीर्ष सरत आला होता. पुढे अमावास्या, मग पौष. पौषात सून घरात घेत नाहीत. पौष संपतो तोवर शुक्र बुडणार आणि तो वर यायला चैत्र उजाडणार. म्हणजे त्या एका दिवशी सूर्य मावळायच्या आत सुनेनं आमचा उंबरठा ओलांडला तर ओलांडला, नाहीतर ती परत अकोल्याला जाणार आणि मी चैत्रापर्यंत पोरांना पाढे शिकवत बसणार. आत्याला याचं विशेष काही वाटत नव्हतं. मला फार वाटत होतं, पण तसं बोलून दाखवायची आमच्याकडे पद्धत नव्हती.

अडचण शिवेची होती. नवी सून बैलगाडीतून सासरी येते तेव्हा वाटेतल्या प्रत्येक गावाच्या शिवेवर गाडी थांबते. सून नारळाला हात लावते, घरची वडीलधारी बाई तो शिवेच्या दगडावर फोडते, आणि मग बैल पुढे जातात. अकोल्याहून निघायच्या आदल्या दिवशी आत्यानं मला विचारलं, "गाडीवाल्याले सांगतलं ना, शिवेशिवेवर थांबजो म्हणून?"

मी म्हटलं, "आत्या, आगगाडी फक्त स्टेशनावर थांबते."

"अन् शीव?"

"शीव वाटेत जाते."

"थांबल्याबिना?"

आत्याच्या दृष्टीनं हा दोष आगगाडीचा नव्हता, माझ्या शिक्षणाचा होता. चैत्राचं चित्र माझ्या डोळ्यांसमोर उभं राहिलं आणि मी धाडस केलं. शाळेतल्या आवाजात म्हटलं, "आगगाडीच्या रस्त्याला स्टेशन हीच शीव धरतात." असं कोणत्याही ग्रंथात नाही. आत्याला वाचता येत नसल्यामुळे ते चाललं.

तिनं बोटांवर मोजलं. अकोला, बोरगाव, मुर्तिजापूर, कुरूम, बडनेरा, अशी पाच स्टेशनं. आणि शेवटी अमरावतीची खरी शीव. "सहा नारळ," ती म्हणाली. समुद्र आमच्यापासून इतका लांब की पूर्वी नारळ म्हणजे अपूर्वाईची वस्तू होती, गरिबाघरी लिंबावरच भागवायचे. मी लिंबं सुचवून पाहिली. "लिंबानं भागवाले ते काय बैलाच्या खासरानं येऊन राहिली?" आत्या म्हणाली. "रेल्वेनं येनारी सून हाये."

पहिला नारळ अकोल्याच्या स्टेशनावर गाडी सुटायच्या आधी फुटला. मग आम्ही डब्यात बसलो. खिडकीशी ती, मग आत्या, मग मी. तिचा पदर हनुवटीपर्यंत होता. मला तिचे दोन हात दिसत होते आणि मांडीवरचं गाठोडं. लग्नानंतर तिला मी जवळून पाहिलंच नव्हतं. तिच्याशी पहिल्यांदा काय बोलायचं याचा विचार करून मी वहीत तीन वाक्यं लिहून ठेवली होती आणि ती पाठ केली होती. पण आत्या मध्ये बसली होती आणि आत्याच्या वरून वाक्य जात नव्हतं.

मग ध्यानात आलं की प्रत्येक स्टेशनावर आत्या नारळ फोडायला खाली उतरणार. सुनेनं बसल्या जागी हात लावला की झालं. म्हणजे स्टेशन येईल तेव्हा दोन मिनिटं आम्ही दोघंच. स्टेशनांची मी इतकी वाट त्याआधी कधी पाहिली नव्हती, पुढेही पाहिली नाही.

बोरगाव आलं. पत्र्याचं एक छप्पर आणि घंटेऐवजी टांगलेला रुळाचा तुकडा, एवढंच स्टेशन. तिनं नारळाला हात लावला, आत्या उतरली. मी घसा साफ केला. तिन्ही वाक्यं एकदम डोक्यातून गेली. मी म्हणालो, "हे बोरगाव."

पदर जरासा हलला. बाहेर मोठ्या अक्षरांत पाटी होती.

तेवढ्यात फलाटावर आवाज चढला. तिथले स्टेशनमास्तर पुण्याकडचे होते. आत्यानं रुळालाच दगड मानून त्यावर नारळ आपटला होता.

"बाई, आपण रुळावर नारळ फोडू नये," ते म्हणाले.

"काहून?"

"हा लोहमार्ग आहे."

"मंग? नारळानं मोडते काय तुमचं लोखंड? इतकं कच्चं असन तं आमी बसाव कसं त्याच्यावर?"

मास्तर माझ्याकडे वळून म्हणाले, "या बाई भांडतायत का?"

"नाही," मी खिडकीतून म्हणालो, "त्या चौकशी करतायत." आणि ते खरं होतं. आत्या भांडायची तेव्हा कोणाला विचारावं लागत नसे. तिनं खोबऱ्याचा एक तुकडा मास्तरांच्या हातावर ठेवला आणि वर येऊन पुन्हा आमच्या मध्ये बसली.

मुर्तिजापूरला गाडी जास्त वेळ थांबायची, इंजन पाणी घ्यायचं. वेळापत्रकाचा कागद माझ्या खिशात होता आणि त्या जास्तीच्या मिनिटांवर मी सगळी भिस्त ठेवली होती. आत्या नारळ घेऊन उतरली. मी वही काढून पहिलं वाक्य पुन्हा वाचून घेतलं. ते असं होतं, "आपल्या घरी पुस्तकं पुष्कळ आहेत, पण तुला धूळ झाडावी लागणार नाही." आजही मला ते वाईट वाटत नाही. मी तोंड उघडलं, आणि तीच बोलली.

"आत्याबाई कुठी गेल्या?"

मी बाहेर पाहिलं. फलाटावर आत्या नव्हती. पाणी भरणाऱ्या माणसाला विचारलं, तर तो म्हणाला, "ते म्हातारी? मले इचारे, शीव कोठी हाये. म्या सांगतलं, थे पाय, तिकडे निंबाखाली, शेंदराचा गोटा."

माझं सगळं शास्त्र तिथे कोसळलं. खरी शीव डोळ्यांना दिसत असताना आत्या स्टेशनाला शीव कशाला मानेल? दूर कपाशीच्या शेतापलीकडे एक निंब होता आणि त्या दिशेनं एक लाल लुगडं ठामपणे चाललं होतं. तेवढ्यात इंजनानं शिट्टी दिली.

ती उठली. पदर मागे गेला आणि मी तिचा चेहरा पहिल्यांदा नीट पाहिला, पण तो माझ्याकडे नव्हता, निंबाकडे होता. "तुमी बसा," ती म्हणाली. "सामान सांभाळा." आणि उतरून पळत सुटली.

मी बसलो.

पुढे उभा जन्म तिनं हे मला ऐकवलं. घरात काही हरवलं, कोणी आजारी पडलं, छप्पर गळालं, की ती कमरेला पदर खोचून म्हणायची, "तुमी बसा, सामान सांभाळा." पण त्या क्षणी मला खरंच वाटलं की हे योग्य आहे, सामान सांभाळायला कोणीतरी हवं. मग गाडी हलली, आणि एक पेटी, एक गाठोडं, तीन नारळ आणि तिघांची तिकिटं घेऊन मी एकटा सासरहून माघारी निघालो.

कुरूमला मी स्वतः उतरलो आणि तिच्या वतीनं नारळ फोडला. तीन वेळा आपटूनही तो फुटेना. डब्यातला एक शेतकरी म्हणाला, "मास्तर, त्याले शिकवून नोका राहू, फोडा!" चौथ्या वेळी फुटला आणि पाणी माझ्या धोतरावर सांडलं.

बडनेऱ्याला वडील दोन बैलांची दमणी जुंपून आले होते. बरोबर एक सनईवाला होता. गाडी थांबताच त्यानं गाल फुगवले. मी उतरलो, पेटी उतरवली, गाठोडं उतरवलं. सनई थोडा वेळ वाजली आणि मग विचारात पडल्यासारखी थांबली.

वडिलांनी डब्यात डोकावून पाहिलं. "सून कोठी हाये?"

"मुर्तिजापूरले."

"अन् आक्का?"

"तेथीच."

"मंग तू काहून आला?"

मी म्हणालो, "सामान होतं."

वडील कमी बोलायचे. त्यांनी पेटीकडे पाहिलं, सूर्याकडे पाहिलं आणि दमणीच्या जुवावर जाऊन बसले. सूर्य डोक्यावरून कलला होता. पुढची माणसांची गाडी थेट दुसऱ्या दिवशी. मी वेळापत्रकाचा कागद उलटा करून पाहिला, मागे कोरा होता. चैत्राला किती दिवस उरले ते मी मनात मोजू लागलो. सनईवाल्याला मात्र दिवसाचं काम ठरवून दिलेलं होतं, म्हणून तो दर थोड्या वेळानं विचारी, "वाजवू काय?"

एकदा पश्चिमेकडून धूर दिसला. सनई सुरू झाली. वडील घाईघाईनं उठले, पिशवीतला नारळ काढला आणि इंजन स्टेशनात शिरताच फोडला. ते एकटंच इंजन होतं. त्याच्यावर कोळशानं माखलेला एक दाढीवाला माणूस उभा होता. सनई आपल्यासाठी वाजते आहे असं समजून त्यानं टोपी काढून सगळ्यांना नमस्कार केला. वडिलांनी सभ्यपणे त्यालाही खोबरं दिलं.

एकच नारळ उरला.

उन्हं पिवळी व्हायला लागली तेव्हा पुन्हा धूर दिसला. ही मालगाडी होती. मुंबईकडे रुईच्या गासड्या पोचवून रिकाम्या वाघिणी बडनेऱ्याला परत येत असत. सनईवाल्यानं या खेपेला विचारलंसुद्धा नाही. वाघिणी एकेक करून पुढून गेल्या आणि शेवटच्या वाघिणीच्या दारात दोन पांढऱ्याशुभ्र बाया उभ्या होत्या.

डोक्यापासून पायापर्यंत रुई. आत्याचं लाल लुगडं पांढरं झालं होतं. तिच्या शेजारी जी उभी होती तिचे केस, भुवया, पापण्याही पांढऱ्या. ती मला शोधत होती. मला वाटलं, ही म्हातारी झाल्यावर अशी दिसेल. माणसाला असं काही आधी पाहायला मिळत नाही. मला मिळालं, आणि मी वेड्यासारखा हसलो. तीही हसली. आमचं पहिलं बोलणं ते.

काय झालं ते आत्यानं उतरता उतरता सांगितलं. शिवेवर नारळ फोडून दोघी परत आल्या तर गाडी गेलेली. तिथल्या मास्तरांनी विचारलं, तुमची तिकिटं? सुनेनं सांगितलं, "तिकिटं सामानासंगं गेली."

"सामान कुठं गेलं?"

"मालकासंगं."

"आणि मालक का गेले?"

"सामानासंगं."

मास्तर गोंधळून आत जाऊन बसले. मग मालगाडी आली. गार्ड बायांना घेईना. तेव्हा आत्या इंजनापुढे रुळावर मांडी घालून बसली. "म्या त्याले म्हटलं," आत्या सांगत होती, "माही सून शुक्राच्या आधी पोचली पायजे. तो म्हणे शुक्रवारले अजून टाइम हाये! म्हटलं बापा, उजडलं!" शेवटी गार्डानं हात जोडले आणि त्यांना मागच्या रिकाम्या वाघिणीत चढवलं. उरलेली रुई तळाशी होती आणि गाडी पळायला लागल्यावर ती सगळी वर उडाली.

बडनेऱ्याचा नारळ सुनेचा हात लागून फुटला. आम्ही दमणीत बसलो आणि वडिलांनी बैल असे हाकले की मी त्यांना तसं हाकताना पुन्हा कधी पाहिलं नाही.

अमरावतीच्या शिवेवर पोचलो तेव्हा सूर्य शेताच्या बांधाला टेकला होता. आत्या उतरली, दगडापाशी गेली, हात मागे केला. "आण."

मी पिशवी उलटी केली. त्यातून काथ्याचे दोन धागे पडले.

"सहा होते," आत्या म्हणाली.

"एक म्या कुरूमले फोडला," मी म्हणालो.

"कोणासाठी? सुनेचा हात लागला नाई तो नारळ म्हंजे नुसतं खानं!"

वडिलांनी इंजनाचं सांगितलं. आत्या ऐकत गेली आणि खाली बसत गेली. "शिवेचा नारळ इंजनाले!" तिच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. हे हट्टाचं पाणी नव्हतं. आईवेगळ्या पोराचा संसार तिला नीट लावून द्यायचा होता, एकही दगड न चुकवता, आणि अगदी घराच्या शिवेवर तिचा हात रिकामा राहिला होता. गावात जाऊन नारळ आणावा, तर तोवर सूर्य बुडणार. नारळाशिवाय जावं, तर आत्या पाऊल उचलेना. घर तिथून दिसत होतं. मळ्यातली मोट दिसत होती. मी काहीतरी शास्त्र सांगायला तोंड उघडलं. आत्या म्हणाली, "तू चूप."

तेव्हा सून दमणीतून उतरली. पदराची गाठ सोडली आणि नारळाची अर्धी वाटी पुढे केली. मुर्तिजापूरच्या शिवेवर फोडला त्यातली अर्धी दगडापाशी ठेवून अर्धी आत्यानंच तिच्या पदरात घातली होती.

"तो तं तेथचा परसाद," आत्या म्हणाली. "एका शिवेचा दुसरीले कसा चालन?"

नव्या सुनेनं सासरच्या शिवेवर बोलायचं नसतं. ती बोलली. "आत्याबाई, मी तेथून इथं येऊन राहिली. रिकाम्या हातानं येईन काय? हा मुर्तिजापूरच्या शिवेनं अमरावतीच्या शिवेले धाडला."

आत्यानं तिच्याकडे पाहिलं, वाटीकडे पाहिलं, सूर्याकडे पाहिलं. मग वडिलांना म्हणाली, "पोट्टीले तोंड हाये." आणि ती वाटी दगडावर ठेवून जागची उठली. उंबरठ्यावर सुनेनं माप ओलांडलं तेव्हा भिंतीवर उन्हाची एक पट्टी शिल्लक होती. ओवाळायच्या ताटात रुई पडत होती.

पुढे अमरावतीलाही गाडी आली, आत्या गेली, वडील गेले. आम्ही त्या मार्गानं पुष्कळदा गेलो. प्रत्येक वेळी बोरगाव आलं की ती कोपरानं मला ढोसून म्हणायची, "सांगा ना, कोणतं स्टेशन हाये?" आणि मी सांगायचो. केस तिचे खरोखरीच पांढरे झाले, पण त्या दिवशीइतके कधी नाही.

मागल्या आठवड्यात तिच्या अस्थी घेऊन नाशिकला निघालो. मुलगी बरोबर येते म्हणत होती, मीच नको म्हटलं. मांडीवर लहानसं गाठोडं होतं. बडनेरा गेलं, कुरूम गेलं. मुर्तिजापूरला गाडी थांबली तेव्हा माझ्या तोंडून मोठ्यानं निघालं, "हे मुर्तिजापूर."

समोरचा गृहस्थ म्हणाला, "ठाऊक आहे. मी इथलाच."

निंब खिडकीतून दिसत होता. खाली दगड आहे की नाही, ते दिसत नव्हतं. इंजनानं शिट्टी दिली. वर फळीवर माझी वळकटी, छत्री आणि पाण्याचा तांब्या होता. मी त्या गृहस्थांना म्हणालो, "तुम्ही बसा. सामान सांभाळा."

"अहो, पण मी इथेच उतरणार!" ते ओरडले. तोवर मी गाठोडं घेऊन फलाटावर पोचलो होतो.

सामान एकटंच अकोल्याला गेलं. ते अजून मिळालेलं नाही.